म्हाताऱ्याच्या पोटात पिवळी लोकर

टाका नवा होता.

म्हाताऱ्याच्या पाठीवरून खाली उतरणारी शिवण चिमणीला स्वतःच्या तळहाताइतकी ओळखीची होती. काळा दोरा, घामाने कडक झालेला, ठिकठिकाणी विटून राखाडी पडलेला. आज सकाळी हातांना पट्ट्या गुंडाळता गुंडाळता तिची नजर त्या शिवणीवरून खाली घसरली आणि कमरेच्या जराशी वर येऊन अडली. तिथला वीतभर दोरा चकाकत होता. मेण लावलेला दोरा. टाके जवळजवळ, एकासारखा एक, जशी मुंग्यांची रांग.

म्हातारा म्हणजे हॉलच्या मधल्या तुळईला साखळीने टांगलेली जड बॅग. बाबांच्या उमेदीतली. तिचं रेक्झिन सुरकुतलं होतं, पोट सुटलं होतं, आणि फटका बसला की ती खोकल्यासारखा आवाज काढायची, म्हणून म्हातारा. खाली बाबांचा किक-बॉक्सिंगचा हॉल, ठोशांबरोबर गुडघेही चालणारा, वर घर, मधे लाकडी जिना. घरातलं कुणी रुसलं की खाली येऊन म्हाताऱ्याला चार ठोसे लावायचं आणि वर जाऊन जेवायचं. म्हातारा कुणाचंच मनावर घ्यायचा नाही.

चिमणी हे नाव बाबांनी पोरीच्या काडीसारख्या पोटऱ्या बघून ठेवलेलं. पुढे त्याच पायांनी तिने भल्याभल्यांना रिंगच्या दोरांपर्यंत ढकलत नेलं, पण नाव काही उडून गेलं नाही. दिवसा ती लाँड्रीच्या काउंटरवर असायची. तिथे कपडा हातात आला की आधी शिवण बघायची, मग डाग, मग खिसे, आणि सगळ्यात शेवटी गिऱ्हाइकाचं तोंड. नाहीतर तोच माणूस परत येऊन म्हणणार, हे भोक तुमच्याकडेच पडलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या शिवणींवर संशय घेतला, की नजरेला तेच वळण लागलं होतं.

आणि या घरात दाभण वापरणारं माणूस एकच होतं.

"वन्सं, चहा आणलाय. की आधी म्हाताऱ्याला पाजायचाय?"

वहिनी जिन्यावरून उतरत होती. दोन कप एका हातात, दुसरा हात कठड्याला. 'वन्सं' ती मुद्दाम म्हणायची, जुन्या बायकांसारखं नाकातून, आणि हॉलमधल्या पोरी फिस्सकन हसायच्या. लग्न होऊन आली तेव्हा सोफ्याच्या गाद्या शिवायचं काम बरोबर घेऊन आली. माहेरी बापाच्या दुकानात तेच केलेलं, इथे कारखान्यात तेच. दादा, म्हणजे चिमणीचा भाऊ, ट्रक घेऊन सदा रस्त्यावर. बायको घरात आणून ठेवली आणि स्वतः मालाबरोबर निघून गेला. मग ही संध्याकाळी हॉलच्या पायरीवर बसायला लागली. बसता बसता एक दिवस उठून तिने म्हाताऱ्याला गुडघा मारला. बाबांनी मान वर केली. त्या दिवसापासून बाबांची मान वरच होती.

"बॅग कुठे उसवली होती का?" चिमणीने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कुठली?"

"इथे किती बॅगा आहेत?"

वहिनीने कप खिडकीत ठेवले. दोन्ही कप नीट, कान एका बाजूला करून. "मी नाही बघितलं बाई," ती म्हणाली आणि वर गेली.

तिच्या अंगठ्याच्या पेरावर ताजी टोच होती. चहाच्या वाफेतून चिमणीने ती पाहिली. चहा तिने प्यायला नाही. गार झाल्यावर मोरीत ओतला, कप विसळले आणि उपडे घातले.

म्हाताऱ्याला उघडायचं नाही, हा या हॉलचा सगळ्यात जुना नियम. नियम भिंतीवर लिहिलेला नव्हता, पण खेळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होता. बॅग उघडायची ती फक्त बाबांनी, वरच्या तोंडाची नाडी सोडून. आणि तीही कुणाचं खेळणं कायमचं थांबलं तरच. त्या माणसाने आपला एखादा अंगावरचा कपडा आणून द्यायचा, बंडी, चड्डी, काहीही. बाबा तो आत खोल दाबायचे, नाडी बांधायचे. कुणी भाषण करायचं नाही. पुढे वर्षानुवर्षं नव्या पोरी त्या कपड्यांवर ठोसे मारायच्या, गुडघे मारायच्या. म्हाताऱ्याच्या पोटात असं पुष्कळ जणांचं संपणं गोळा झालं होतं. बाबांचा निळा झगाही तिथेच होता. गुडघे गेले त्या वर्षी त्यांनी तो स्वतःच्या हाताने आत घातला होता. तेव्हापासून ते जिना खेकड्यासारखे तिरके उतरायचे.

आणि चिमणीलाही अलीकडे जिना तसाच उतरावासा वाटत होता. ही गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती.

उजवा गुडघा. वाटीच्या आतल्या बाजूला, हसताना गालावर खळी पडते तेवढ्याच जागेत, एक दुखरं बोट कुणीतरी ठेवल्यासारखं. महिनाअखेरीला सामना होता. या वजनात हॉलमधून एकीचंच नाव जाणार होतं, आणि बाबांनी चिमणीचं दिलं होतं. राखीव म्हणून खाली वहिनीचं. दोघींचं वजन सारखं, फक्त वहिनी वीतभर उंच. चिमणीने गुडघ्याबद्दल ब्र काढला असता तर खालचं नाव वर सरकलं असतं. म्हणून ती गप्प राहिली. हॉलमध्ये सगळ्यांदेखत ती धडाधड जिना उतरायची, आणि कुणी नसलं की कठडा धरून, एक पाय, मग दुसरा पाय, लहान मुलासारखी.

नवा टाका दिसल्यापासून गुडघा जास्तच बोलायला लागला.

"वाटी नाही मारायची," बाबा कोपऱ्यातल्या स्टुलावरून म्हणायचे. नव्यांना सांगायचे, जुन्यांना सांगायचे, कुणी नसलं तर म्हाताऱ्याला सांगायचे. "वाटी ठेवायची जपून. वाटीच्या वर चार बोटं, मांडीचं हाड जिथे टणक लागतं, तिथे लागलं पाहिजे. पाय पुरता मिटा. टाच मागे ढुंगणाला, बोटं खाली ताणलेली. कंबर पुढे टाका, म्हणजे गुडघ्याला एकट्याला हमाली करावी लागत नाही. आणि बॅग तुमच्याकडे धावत येत असेल तेव्हा मारू नका गं. ती काय पाहुणी आहे, दारात जाऊन आडवी व्हायला? थांबू द्या तिला."

चिमणीला हे सगळं पाठ होतं. ती तसंच मारत होती. वाटीच्या वर, पाय मिटून, बॅग थांबवून. तरी आतून काहीतरी टणक उलटून यायचं. पूर्वी म्हातारा खोकायचा. आता तिच्या गुडघ्याखाली तो दात वाजवल्यासारखा 'टक्' करायचा.

वहिनी मारायची तेव्हा 'टक्' नाही. तेव्हा 'धप्प'. उशीत डोकं टाकल्यासारखं मऊ, गोल, समाधानी धप्प.

चिमणी ऐकत राहिली. एकच बॅग, दोन आवाज. एकच घर, दोन माणसं. लाँड्रीत परीटघडीच्या चादरी मोजताना तिच्या डोक्यात तेच सुरू राहिलं: टक्, धप्प, टक्, धप्प.

तिने पाळत ठेवायला सुरुवात केली. हॉलची एक भिंत पूर्ण आरशाची होती. चिमणी म्हाताऱ्यासमोर अशी उभी राहायची की आरशातून पायरी दिसावी, पायरीवरची वहिनी दिसावी. ती पट्ट्या सोडते का, कुणाशी बोलते, शिवणीकडे बघते का. आणि वहिनीही बघत असायची. तोंडाकडे नाही. चिमणीच्या पायांकडे. दोघींची आरशात नजरानजर झाली की वहिनी पट्टीची गुंडाळी सोडून पुन्हा पहिल्यापासून करायला घ्यायची.

'ही मोजतेय,' चिमणीला वाटायचं. 'माझे किती दिवस उरलेत ते मोजतेय.'

एका दुपारी लाँड्रीतला वाफेच्या इस्त्रीयंत्राचा पाइप फुटला आणि सगळ्यांना लवकर घरी सोडलं. हॉलचं शटर अर्धं खाली होतं. आतून ओढल्या जाणाऱ्या साखळीचा आवाज आला आणि थांबला. चिमणीने वाकून बघितलं तर शटरखालून वहिनीचे पाय दिसले, अनवाणी, चवड्यावर उभे. चिमणीने शटर वर लोटलं. वहिनी हातात झाडू घेऊन उभी होती. म्हातारा जागेवर, पण हलत होता. वारा नव्हता.

"लवकर आलात?"

"तुम्ही कारखान्यात नाही गेलात?"

"सुट्टी टाकली. म्हटलं जरा झाडून घ्यावं."

फरशीवर धूळ तशीच होती. झाडूचा एक फराटा नव्हता. वहिनीच्या केसांत मात्र कापसाचा पांढरा पुंजका अडकला होता. चिमणी बोलली नाही. लाँड्रीत डाग सापडला की ती बोलत नसे. कोपऱ्यात खडूने बारीक खूण करून कपडा बाजूला ठेवायची. तशीच तिने मनात खूण केली.

रात्रीच्या जेवणाआधी आई पेटी उघडून बसली होती. आई, म्हणजे या सगळ्या मारामारीच्या घरात एकदाही कुणावर हात न उचललेली बाई. तिच्या जिभेला ती गरजच पडली नव्हती.

"माझ्या पेटीला पाय फुटलेत," ती म्हणाली. "चिमणे, तुझा पिवळा स्वेटर गेला कुठे? शेजारीणबाईंच्या नातीला देणार होते."

"कुठला?"

"कुठला म्हणजे? किती स्वेटर विणले मी तुला? एकच. तो घालून पहिल्यांदा खाली हॉलमध्ये गेलीस आणि बाह्या चावून चावून परत आलीस, तो. मऊ होता गं, लोण्यासारखा. तसली लोकर आता मिळत नाही."

वहिनी ताटं मांडत होती. तिच्या हातातली वाटी दुसऱ्या वाटीवर आपटली.

"आता काय वाट्याही भांडायला लागल्या?" आई म्हणाली. "सूनबाई, बघितलास का गं तू?"

"नाही, आई," वहिनी म्हणाली. ताटांकडे बघत.

चिमणीचा घास हातातच राहिला. तिने वहिनीच्या मानेकडे बघितलं. मान लाल झाली होती, कानाच्या पाळीपर्यंत.

सकाळी उजाडताच ती खाली गेली. एकटी, कठडा धरून. हॉलमध्ये अजून सावल्या होत्या. म्हाताऱ्याच्या पाठीमागे जाऊन ती वाकली आणि नव्या टाक्यांवर नख फिरवलं. एक टाका, दुसरा टाका, तिसरा. चौथ्याच्या फटीतून एक तंतू बाहेर आला होता, पापणीच्या केसाएवढा.

पिवळा.

चिमणी तिथेच फरशीवर बसली. तिच्या मनात आतापर्यंत शंका होती, आणि शंकेला निदान दोन दारं असतात. आता तर भिंत बांधून झाली होती. म्हाताऱ्याच्या पोटात कपडा कुणाचा जातो? ज्याचं संपलं त्याचा. मग जितेपणी, नाव लागलेलं असताना, सामना तोंडावर असताना, हिने माझा कपडा आत घातला. माझ्या आईने विणलेला. मला न विचारता मला संपवलं आणि वर चकचकीत दोरा ओढला. आणि मी रोज येऊन त्याच कपड्यावर गुडघे मारतेय, रोज थोडी थोडी संपतेय.

बाबांना सांगावं? बाबा म्हणतील, गुडघा दाखव. तो दाखवायचा नव्हता.

मग तिने एकच केलं. संध्याकाळी पट्ट्या बांधल्या आणि म्हाताऱ्याला मारायला सुरुवात केली. मोजलं नाही, थांबली नाही. डोळे आरशात, पायरीवर बसलेल्या वहिनीवर, आणि गुडघा म्हाताऱ्यात. टक्. बघ. टक्. बघून घे. टक्. वहिनी पायरीवरून उठली. टक्. वहिनीने तोंड उघडलं, काहीतरी म्हणायला. चिमणीने कंबर वळवली, सगळं वजन टाकलं, आणि जमिनीवरचा डावा पाय जागचा हलला नाही. अंग एकीकडे गेलं, पाय तिथेच राहिला.

या वेळी आवाज म्हाताऱ्यात झाला नाही. तिच्यात झाला. उजव्यातही, डाव्यातही.

ती पडली नाही. बॅगेला मिठी मारून उभी राहिली. बाबा स्टुलावरून उठून तिरके तिरके चालत आले, तिला बाकावर बसवलं, आणि दोन्ही गुडघ्यांवर आपले जाड तळवे ठेवले. एक गरम होता. दुसरा व्हायला लागला होता.

"हा कधीपासून?" उजव्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं.

चिमणी हाताची पट्टी सोडायला लागली.

"माझी मुलगी आहेस, शोभतेस," बाबा म्हणाले. "मीही असाच लपवला होता. बघ काय चाल मिळाली मला बक्षीस."

त्यांनी बर्फ आणायला सांगितला. आईच घेऊन आली, पातेल्यात, तोंडातल्या तोंडात सगळ्या घराण्याच्या गुडघ्यांचा उद्धार करत.

पुढचे काही दिवस मारणं बंद. पण हॉलमध्ये रिकामं बसलेलं बाबांना चालत नसे. सूज उतरून चालता यायला लागलं तेव्हा ते म्हणाले, "बॅग धर. पाय जमिनीवरून उचलायचा नाही. वहिनी मारेल."

चिमणीने त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी तिच्याकडे नाही.

बॅग धरणं म्हणजे म्हाताऱ्याला पलीकडून मिठीच मारायची. गाल रेक्झिनला, दोन्ही हात कवेत, पोट दाबून. समोरचीचा गुडघा येतो तो बॅगेतून आरपार आपल्या पोटात कळतो. नव्या टाक्यांची शिवण नेमकी चिमणीच्या हाताखाली आली होती. रेक्झिनच्या पलीकडे वहिनीचा श्वास ऐकू येत होता.

"धरलंत ना, वन्सं?"

"मारा."

धप्प.

चिमणीने डोळे मिटले. गुडघा तिच्या बरगड्यांच्या किंचित खाली येऊन रुतला. मऊ. ती जागा मऊ होती, उशीसारखी. तिने डावा हात शिवणीवरून हळूच खाली सरकवला, वीतभर, तिचा स्वतःचा गुडघा लागायचा तिथे. तिथे दगड. आत काहीतरी ठासून भरलं होतं, कुदळीनेही निघणार नाही असं. पूर्वी असं नव्हतं. तिथे म्हातारा कडक होता, पण दगड नव्हता.

धप्प. धप्प.

म्हणजे हे असं होतं. हिच्यासाठी गादी, माझ्यासाठी गोटा. आणि गादी माझ्याच स्वेटरची.

तिने हात सोडले. वहिनीचा पुढचा गुडघा बॅगेवर बसला, बॅग मोकळी होऊन मागे गेली आणि परत आली. वहिनी बाजूला झाली म्हणून वाचली.

"अहो, सांगून तरी सोडा."

"तुम्ही सांगून घातलात?" चिमणी म्हणाली. आवाज चढला नाही. उलट इतका खाली गेला, की कोपऱ्यातल्या पोरी दोरीवरच्या उड्या थांबवून ऐकायला लागल्या. "माझा स्वेटर. आईच्या पेटीतला. बाबा, हिने म्हाताऱ्याला उसवलंय. शिवण बघा. तुमच्या गुडघ्याएवढी जागा मऊ केलीत, वहिनी, आणि माझ्या जागी दगड भरलात. आणि वर माझा कपडा आत. माझं संपलं म्हणून?"

बाबा हळूहळू आले. शिवणीवर अंगठा फिरवला. मग सुनेकडे बघितलं. "तू उघडलीस?"

वहिनी हातातल्या पट्टीचं टोक चुरगळत होती. "हो."

"कधी?"

"दोनदा. पहिल्यांदा वन्संच्या जिन्यावरून. म्हणजे..." तिने चिमणीकडे बघितलं. "कुणी नसलं की तुम्ही कठडा धरून उतरता. पायांचा आवाज बदलतो. मला वर कळायचं. म्हटलं, गुडघा दुखतोय आणि सांगत नाहीत. मग मी बॅगेला हात लावून बघितला. सगळा माल खाली बसून दगड झालाय. आमच्याकडे गादी अशी झाली की उघडून पिंजून परत भरतात. त्यात विचारायचं काय? गादी ती गादी."

"ही गादी नाही," बाबा म्हणाले.

"ते मला आता कळतंय." ती चिमणीकडे वळली. "मी तुमच्यासाठी मधे मऊ थर घातला, वन्सं. जागा करायला तिथलं जुनं सगळं खाली ठासलं. दुसऱ्यांदा उघडली कारण तुमचं दुखणं वाढत चाललेलं दिसलं. म्हटलं थर कमी पडला असेल. घरात सगळ्यात मऊ काय आहे ते शोधलं. पेटीत तो स्वेटर होता. इतका मऊ. मला काय माहीत आत कुणाचे कपडे जातात. मला कुणी सांगितलं? मला वाटलं सगळ्या चिंध्याच आहेत."

कुणी सांगितलंच नव्हतं. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट सांगायची कुणी?

"आणि थर इतक्या वर का?" चिमणीने विचारलं. संशय असा एका धक्क्याने जात नाही. पाहुण्यासारखा दारात उभा राहून चपला शोधत बसतो. "तुमच्या गुडघ्याला बरोबर. मापून."

"मापूनच," वहिनी म्हणाली. "माझ्याच गुडघ्याने मापलं. मग कुणाच्या मापू? तुमचा मागायला जाणार होते? चहा दिला तर मोरीत ओतता."

दोरीवरच्या एका पोरीला हसू फुटलं आणि तिने ते खोकल्यात लपवलं.

बाबा मात्र हसले नाहीत. ते म्हाताऱ्याकडे पाठ करून आरशाकडे बघत उभे होते. "बॅगेने उजवा दुखावला, मान्य," ते म्हणाले. "डावा कुणी पिरगाळला?"

चिमणी बाकावर टेकली.

"जमिनीवरचा पाय चवड्यावर उचलून बाहेर वळवायचा, हे तुला मी केव्हा शिकवलं? दात पडत होते तुझे. टाच सुटली नाही की सगळी कंबर गुडघ्यात जाऊन पिळते. कित्येक दिवस मी बघतोय, तुझी टाच जमिनीला खिळलीय. का? तर डोळे आरशात. माणूस बघेल तिकडे त्याचा पाय तोंड करून उभा राहतो. तू म्हाताऱ्याला मारत होतीस आणि पाय हिच्यावर पहारा करत होता."

चिमणीने डाव्या पायाकडे बघितलं. जसा काही तो दुसऱ्याचाच होता आणि आत्ता पहिल्यांदा सापडला.

"तुम्ही बघत होतात तर बोलला का नाहीत?" तिने विचारलं.

"मला वाटलं तुम्हा दोघींचं काहीतरी बिनसलंय. बायकांच्या भानगडीत मी पडत नाही." ते आरशापासून वळले. "चुकलंच. गुडघा काय बाई आहे का पुरुष."

त्या दिवशी म्हाताऱ्याला खाली उतरवलं. साखळी सुटली, तो फरशीवर आडवा झाला, आणि सगळ्यांना उगाच त्याच्याभोवती गोल करून उभं राहावंसं वाटलं. वहिनीने दाभण आणलं, मेणाची वडी आणली, पण शिवणीला हात लावला नाही. बाबांनी मान हलवली तेव्हा उसवली.

आतून एकेक निघत गेलं. कुणाची बंडी, कुणाची पट्टी. बाबांचा निळा झगा, निळा म्हणायचा तो केवळ आठवणीने. बाबांनी तो हातात घेतला, झटकला आणि बाजूला नीट घडी करून ठेवला. वहिनी गोळे सोडवत होती, बोटांनी पिंजत होती, दाबून बघत होती. कामात असली की तिचं तोंड वेगळंच दिसायचं. चिमणीने ते आजवर बघितलं नव्हतं. आरशात तिला फक्त पायरीवरची बाई दिसली होती.

शेवटी पिवळा स्वेटर आला. लहानसा. बाह्यांची टोकं चावून चावून विरलेली.

"हा घ्या," वहिनी म्हणाली. "आईंना देते धुऊन."

चिमणीने तो घेतला. नाकाशी नेला. त्याला तिचा वास नव्हता. म्हाताऱ्याचा होता, रेक्झिनचा, आणि इतक्या जणांच्या घामाचा. तिने बाबांना विचारलं, "आत गेलेलं बाहेर काढायचं असतं का?"

"अजून कुणी काढलं नाही."

"मग राहू दे." ती म्हाताऱ्याशेजारी फरशीवर सरकली, उजवा पाय हळूच मिटला, दुखलं तिथे थांबली. मग वाटीच्या वरच्या हाडावर हात ठेवला आणि तिथून बॅगेपर्यंत बोट नेलं. "पण इथे घाला, वहिनी. माझा इथे लागतो."

वहिनीने तिच्याकडे बघितलं. मग खिशातून मापाची फीत काढली. "उभ्या राहा. बसून माप चुकतं. आमच्याकडे गिऱ्हाइकाला सोफ्यावर बसवून मापतात, इथे उलटं." चिमणी भिंतीला धरून उभी राहिली. वहिनी गुडघ्यांवर बसली, फितीचं एक टोक जमिनीला आणि दुसरं चिमणीच्या मांडीला लावलं. बोटं थंड होती आणि टोचलेली. चिमणीचं अंग क्षणभर आखडलं, सवयीने. मग सैल झालं.

"आणि तुमचं माप?" तिने वरून विचारलं.

"माझं कशाला?"

"गुडघा तुम्हालाही आहे की. दोन थर घाला. बाबांचा झगा तुमच्या उंचीला बसेल. आणि सामन्याला तुम्ही जा. मी जाऊ शकत नाही. उगाच सगळ्यांनी माझ्याकडे बघून जिभा चावू नका."

बाबा स्टुलावर बसले. आई जिन्यात येऊन उभी होती.

वहिनी फीत गुंडाळत होती. गुंडाळून झाली तरी गुंडाळत राहिली. "वन्सं, खोटं बोलणार नाही," ती शेवटी म्हणाली. "मला जायचंच होतं. आल्यापासून जायचं होतं. पण असं नव्हतं जायचं, तुमच्या गुडघ्यावर पाय ठेवून."

"माहीत आहे. म्हणजे, जायचं होतं ते. ते मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. बाकीचं आत्ता कळलं."

म्हातारा पुन्हा टांगला गेला. शिवण उभीच्या उभी नवी झाली होती, वरपासून खालपर्यंत मेणाचा दोरा. आता त्यात काही शोधण्यासारखं उरलं नव्हतं. बाबांनी आरशावर जुनी चादर टाकली. "घरात माणसं आहेत ना बघायला," ते म्हणाले. "काचेचं काय काम?"

चिमणीने म्हाताऱ्याला मिठी मारली. गाल रेक्झिनला लावला. पलीकडे वहिनी उभी राहिली.

"धरलंत ना?"

"धरलं. मार."

धप्प. म्हातारा खोकला, पूर्वीसारखा, खोलवरून.

"थांब," चिमणी म्हणाली.

"काय झालं?"

"तुझा पंजा लोंबतो. पाय वर येतो तेव्हा बोटं ढिली राहतात. दरवेळी नाही, दमलीस की. आणि डावीकडून मारताना आधी खांदा पडतो, मग गुडघा निघतो. समोरचीला आधीच कळेल. आणि बॅग परत यायच्या आत दुसरा मारायची घाई करतेस. ती येतेय आणि तू जातेयस, मधे वाटी सापडेल कधीतरी."

वहिनी बॅगेला टेकून बघतच राहिली. "हे सगळं कधी बघितलंत?"

चिमणीला हसू आलं. ते तिने रेक्झिनमध्ये दाबलं, पण म्हाताऱ्याच्या पोटातून ते पलीकडे पोचलंच.

"पाळत ठेवली होती ना," ती म्हणाली. "फुकट कशाला घालवू. चल, बोटं खाली ताण. टाच उचल. मार."